अर्जातील कर्तृत्वाची रुजुवात

अमेरिकेतील महाविद्यालयांकडे अर्ज करणारी मुले ज्या घरांत आहेत तेथे ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे अर्जाचा मसुदा अर्धामुर्धा तयार झालेला असतो आणि मुदतीची तारीख डोळ्यांसमोर येऊ लागलेली असते तेव्हा, एक प्रश्न हमखास निघतो: आपण येथे बसून जे लिहिले ते खरे की खोटे हे साता समुद्रांपलीकडे कोण पाहणार आहे? हा प्रश्न विचारणारांचे दोन वर्ग मला दिसतात. एका वर्गातील मुलाने खरोखरच काही तरी केलेले असते, पण त्याचा कागद गहाळ झालेला असतो किंवा मुळात कधी मिळालेलाच नसतो, आणि ते सिद्ध कसे करावे या विवंचनेत त्याचे आईवडील असतात. दुसऱ्या वर्गाला कोणा गल्लाभरू सल्लागाराने हळूच सुचविलेले असते की दोनाचे चार लिहिले तरी कोणी मोजायला येत नाही. दोघांनाही द्यावयाचे उत्तर एकच आहे. मोजायला सहसा कोणी येत नाही हे खरे. परंतु अर्जाची रचनाच अशी केलेली असते की तुमच्या प्रत्येक विधानाशेजारी दुसऱ्या कोणाचे तरी विधान येऊन उभे राहते, आणि दोहोंचा मेळ बसत नसला तर ते ओळखण्यासाठी वाचणाराला प्रमाणपत्र मागवावे लागत नाही.

या प्रवेश-कचेऱ्यांपुढील कामाचा आवाका प्रथम ध्यानात घ्यावा. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे अलीकडे एकेका वर्षी पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी १,४५,००० च्या आसपास अर्ज आलेले आहेत. हार्वर्डसारख्या तुलनेने लहान संस्थेकडेही ते ५०,००० च्या घरात येतात. इतक्या अर्जांतील प्रत्येक ढालीची आणि पदकाची चौकशी करणे कोणत्याही कचेरीच्या आटोक्याबाहेरचे आहे, आणि तसा आव त्या आणीतही नाहीत. म्हणून त्यांचा पहिला आधार उमेदवाराच्या सहीचा असतो. १९७५ मध्ये १५ महाविद्यालयांनी मिळून सुरू केलेला आणि आज हजाराहून अधिक संस्था स्वीकारीत असलेला ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा जो सामाईक अर्ज आहे, त्याच्या शेवटी उमेदवाराला असे लिहून द्यावे लागते की हा मजकूर माझा स्वतःचा, वस्तुस्थितीला धरून आणि प्रामाणिकपणे मांडलेला आहे, आणि तो तसा न आढळल्यास प्रवेश रद्द होण्यापासून पदवी काढून घेतली जाण्यापर्यंत कोणत्याही कारवाईस मी पात्र आहे. ‘वरील माहिती सत्य आहे’ या ठरीव ओळीखाली न वाचता सही ठोकण्याची सवय आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की याही ओळीवरून नजर तशीच घसरून जाते. वस्तुतः पुढे केव्हाही दफ्तर पुन्हा उघडण्याचा अधिकार कचेरी येथे आपल्या पदरात पाडून घेत असते.

दुसरा आधार वाचणाराच्या सरावाचा. बहुतेक मोठ्या संस्थांत एकेका अधिकाऱ्याकडे भूप्रदेश वाटून दिलेले असतात, त्यामुळे भारताकडचे अर्ज वाचणारी व्यक्ती वर्षानुवर्षे तीच तीच असू शकते, आणि एकाच शाळेतून आलेले अर्ज तिच्यापुढे बहुधा एकत्रच येतात. एका महाविद्यालयातील चार मुलांनी एकाच वर्षी आपण एकाच विज्ञान मंडळाचे अध्यक्ष असल्याचे लिहिले, तर त्या चौघांविषयी काय समजायचे हे तिला कोणी सांगावे लागत नाही.

आता अर्जातील प्रत्यक्ष रकान्यांकडे वळू. कॉमन ॲप्लिकेशनमध्ये अभ्यासेतर उपक्रमांसाठी दहा आणि सन्मानांसाठी पाच जागा असतात. उपक्रमाचे वर्णन १५० अक्षरचिन्हांत बसवावे लागते, आणि त्याबरोबर तो कोणत्या इयत्तांत केला, आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे, हे आकड्यांत भरावे लागते. मराठी घरांतून या आकड्यांकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण वर्णनावर तीन तीन रात्री घालविणारी मंडळी तासांचे रकाने मात्र अंदाजपंचे भरून मोकळी होतात. तबल्याला पंधरा तास, रोबोटिक्सला वीस, मोफत वाचनालय चालविण्याला दहा, वस्तीतील मुलांना शिकविण्याला बारा, असे लिहिणाराने एकदा बेरीज करून पाहावी: आठवड्याला सत्तावन्न तास, म्हणजे रोजचे आठ तासांहून अधिक, आणि तेही महाविद्यालय, क्लास, प्रवास आणि झोप वगळून. यांतील एकही आकडा एकटा पाहिला तर अशक्य नाही. चौघे शेजारी बसले की संशय उत्पन्न होतो, आणि अशा संशयाने वाचणारा एक रकाना रद्द करून थांबत नाही, तो उरलेला अर्ज निराळ्या नजरेने वाचू लागतो.

याच्या उलट, आकडा लहान असण्याची लाज बाळगण्याचे मुळीच कारण नाही. ढोलताशा पथकात वाजविणाऱ्या मुलाने वर्षाचे बावन्न आठवडे भरले तर ते कोणालाही पटणार नाही. सराव गणेशोत्सवाच्या आधीचे दीडदोन महिने चालतो हे आपल्याला ठाऊक आहे आणि शोधू म्हणणाराला ते सापडूही शकते. त्याने ‘दहा आठवडे, आठवड्याला बारा तास’ असे लिहिले, आणि वर्णनात नव्या वादकांना हात बसवून देण्याची जबाबदारी दोन वर्षे आपल्याकडे होती एवढे सांगितले, तर ती नोंद आपल्या पायांवर उभी राहते. पाहिजे तर पथकप्रमुख तिला दुजोरा देऊ शकतो.

परंतु अर्जाच्या सत्यतेची खरी कसोटी उमेदवाराच्या हातून निसटलेल्या कागदांवर लागते: शाळेचा अहवाल, गुणपत्रके, मुख्याध्यापकांचे किंवा समुपदेशकाचे पत्र, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि वर्ष अखेरीचा अंतिम अहवाल. ही पत्रे पुढे वाचण्याचा विद्यार्थ्याचा हक्क अमेरिकेतील १९७४ च्या एका कायद्याने मान्य केलेला आहे, आणि तो हक्क सोडतो की नाही हे अर्जातच विचारले जाते. सोडावा असाच सल्ला जाणते देतात, कारण विद्यार्थी वाचणार नाही अशा समजुतीने लिहिलेल्या पत्रावर कचेरीचा अधिक विश्वास बसतो.

येथे महाराष्ट्रातील मुलांची अडचण विशेष आहे, आणि ती परदेशी अधिकाऱ्याला आपणहून कळण्याजोगी नाही. अमेरिकी प्रवेश-कचेऱ्यांना नववी ते बारावी अशा सलग चार वर्षांचा वृत्तांत हवा असतो. आपल्याकडे दहावीला शाळा सुटते आणि अकरावीला कनिष्ठ महाविद्यालय सुरू होते, त्यामुळे निम्मा इतिहास एका दफ्तरात आणि निम्मा दुसऱ्यात असतो, आणि नववी व अकरावीचे गुण तर मंडळाच्या कोणत्याच गुणपत्रिकेवर नसतात. त्यातही ज्यांचे नाव एका महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि शरीर दिवसभर क्लासच्या इमारतीत, अशा ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेतील मुलांची स्थिती फारच अवघड होते. ज्या प्राचार्यांनी त्या मुलाला कधी पाहिलेले नाही त्यांनी त्याच्या नेतृत्वगुणांची ग्वाही द्यावी ही अपेक्षाच मुळात विपरीत आहे. ज्यांना पुढे परदेशी अर्ज करावयाचा आहे त्यांनी अकरावीचा प्रवेश घेतानाच हा विचार करावा असे मी आग्रहाने सांगेन. आणि जुन्या शाळेतून निकालपत्रकाचा उतारा, शिक्का आणि सही यांसह, बारावीच्या धामधुमीपूर्वीच काढून ठेवावा. जेथे संधी असेल तेथे नववी-दहावीत आपल्याला ओळखणाऱ्या शिक्षकांचे एक पूरक पत्रही मागून घ्यावे.

‘तुम्हीच मसुदा करून आणा, मी सही करतो’ हे वाक्य आपल्याकडील बहुतेक पालकांनी ऐकलेले असेल. ते म्हणणारे शिक्षक वाईट नसतात. साठ-सत्तर मुलांच्या तुकडीचा, परीक्षांचा आणि सरकारी कामाचा बोजा वाहणाऱ्या माणसाला इंग्रजी शिफारसपत्र लिहिणे हे संकट वाटते इतकेच. परंतु अशा रीतीने मुलाने स्वतःच लिहिलेले पत्र त्याच्या निबंधाशेजारी ठेवले की तीच वाक्यरचना, तीच विशेषणे, तेच स्वल्पविराम वाचणाराच्या नजरेत भरतात, आणि जो साक्षीदार म्हणून आणला तो उमेदवारच वेष पालटून आल्यासारखा होतो. यावर उपाय साधा आहे. शिक्षकांना मसुदा देऊ नये, टाचण द्यावे: कोणत्या वर्षी कोणता प्रकल्प केला, त्यात काय फसले, वर्गात कोणत्या प्रसंगी काय घडले. मग त्यांनी चार वाक्ये मोडक्या इंग्रजीत लिहिली तरी ती त्यांची असतील. पत्र संस्थेच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून जाईल अशी व्यवस्था करावी. मुख्याध्यापकांच्या नावाने काढलेला जीमेलचा पत्ता खरा असला तरी वाचणाराच्या मनात एक नाहक प्रश्न उभा करतो.

शाळेचा एक शब्द किती जड असतो याचा दाखला एका गाजलेल्या प्रकरणातच आहे. १२ मार्च २०१९ रोजी अमेरिकी सरकारने पन्नास जणांवर आरोप ठेवून जे प्रवेश-कारस्थान उघड केले, त्यात विल्यम सिंगर नावाच्या दलालाने श्रीमंतांच्या मुलांना कधी न खेळलेल्या खेळांतील खेळाडू म्हणून, प्रशिक्षकांना पैसे चारून, येल, जॉर्जटाउन, स्टॅनफर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या दारांत उभे केले होते; त्याला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातील दोन बहिणींना नौकानयनपटू म्हणून पुढे केले होते. त्यांच्या शाळेतील समुपदेशकाने, या मुली नौका वल्हवितात हे आपल्याला खरे वाटत नाही, अशी शंका विद्यापीठाकडे बोलून दाखविली. ती शंका तेव्हा दाबली गेली, कारण आतली माणसेच सामील होती. परंतु प्रकरण फुटल्यावर ती शंका न्यायालयाच्या कागदांत येऊन बसली. या घटनेनंतर खेळाडू म्हणून होणाऱ्या शिफारशी एका प्रशिक्षकाच्या भरवशावर न सोडता त्यांची स्वतंत्र फेरतपासणी करण्याची व्यवस्था अनेक विद्यापीठांनी लावली.

सन्मानांच्या रकान्यात शालेय, राज्य, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय, अशी पातळी निवडावी लागते, आणि आपली मंडळी घसरतात ती बहुधा येथेच. आपल्याकडे खासगी संस्थांनी भरविलेल्या कित्येक स्पर्धांच्या नावातच ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द असतो, शुल्क भरले की पदक मिळते, आणि शाळेच्या सभागृहात बसून सोडविलेल्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेला ‘ऑलिंपियाड’ म्हणतात. भारतातील अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हा भेद माहीत असतो. मुंबईत मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ज्या विज्ञान ऑलिंपियाडांसाठी भारताचा संघ निवडते, त्यांचे टप्पे ठरलेले आहेत, आणि आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या अधिकृत स्थळावर तर प्रत्येक देशाच्या प्रत्येक स्पर्धकाचे नाव वर्षवार लावलेले आहे. बुद्धिबळपटूचे मानांकन फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या यादीत कोणीही पाहू शकतो. अशा ठिकाणी पहिल्या पायरीवर उत्तीर्ण झालेल्याने ‘ऑलिंपियाडसाठी निवड’ असे संदिग्ध लिहिणे हे असत्य नसले तरी फसवे आहे, आणि ते फसवे आहे हे अर्ध्या मिनिटात उघड होते.

‘राष्ट्रीय बुद्धिबळ विजेता’ आणि ‘जिल्हा १५ वर्षांखालील स्पर्धेत तिसरा, फिडे क्रमांक सोबत’ या दोन ओळींपैकी दुसरी अधिक वजनदार आहे हे पालकांना पटविणे मला नेहमी कठीण जाते. पहिली ओळ वाचणाराला शोध घ्यायला लावते आणि शोधाअंती निराश करते. दुसरी शोधाची वाट स्वतःच दाखविते.

तपासणाऱ्याला ज्यांचे नावही ठाऊक नसते अशा आपल्याकडील परीक्षांचे काय करावे हा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. शासकीय रेखाकला परीक्षांतील ‘इंटरमिजिएट’, किंवा गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’, या गोष्टी नुसत्या लिहिल्या तर त्यांचा अर्थ तिकडे पोहोचत नाही, आणि पोहोचत नाही म्हणून त्या फुगविण्याचा मोह होतो. फुगवू नये, समजावून सांगावे. ‘तबला: मंडळाच्या श्रेणीबद्ध परीक्षांपैकी पाचवी, लेखी व प्रात्यक्षिक दोन्ही, परीक्षक बाहेरचे’ एवढे पंधरा शब्दांत बसते. गुरूंकडे किती वर्षे शिकतो हे त्याच उपक्रमाच्या इयत्तांच्या रकान्यात आपोआप दिसते, आणि ध्वनिमुद्रण जोडण्याची सोय जेथे असेल तेथे दिलेले पाच मिनिटांचे वादन कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलते. संशोधनपर निबंध छापून आल्याचा दावा करणाऱ्यांनी मात्र सावध असावे: पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिके आता सर्वांना ठाऊक झालेली आहेत, आणि मुलाखतीत त्या निबंधातील एका आलेखाविषयी साधा प्रश्न विचारला गेला की कर्ता कोण हे समजते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत थोडी वेगळी आहे. तेथे अर्जाच्या वेळी गुण उमेदवारानेच भरावयाचे असतात आणि शिफारसपत्रे सामान्यतः मागत नाहीत. म्हणून दर वर्षी काही अर्जदारांची यदृच्छेने निवड करून त्यांच्या अर्जातील एखाद्या विधानाचा पुरावा मागविला जातो, आणि मुदतीत उत्तर न आल्यास अर्जच रद्द होऊ शकतो. ते पत्र ईमेलने येते. ईमेल न उघडण्याने अर्ज बाद होणे याहून वाईट काय असेल! व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशांत काही प्रसिद्ध संस्था निवड झाल्यानंतर बाहेरच्या तपास-कंपनीकडून नोकरीच्या तारखा, पदे आणि पगार यांची खातरजमा करून घेतात. इंग्लंडात तर निबंधही यंत्राने ताडून पाहतात: २००७ मध्ये तेथील केंद्रीय प्रवेश संस्थेने ५०,००० अर्जांतील निवेदने तपासली तेव्हा २३४ उमेदवारांना वयाच्या आठव्या वर्षी आपल्या पायजम्याला भोक पाडणारा एकच रासायनिक अपघात घडलेला आढळला.

ज्यांची समजूत अशी आहे की एकदा प्रवेश मिळाला म्हणजे दफ्तर बंद झाले, त्यांच्यासाठी दोनतीन हकीगती नोंदवितो. ॲडम व्हीलर नावाचा विद्यार्थी २००७ मध्ये बनावट कागदांच्या जोरावर हार्वर्डमध्ये शिरला आणि दोन वर्षे तेथे शिकला. मोठ्या शिष्यवृत्त्यांसाठी त्याने अर्ज केला तेव्हा त्यातील लिखाण आपल्या सहकाऱ्याचे असल्याचे एका प्राध्यापकांनी ओळखले आणि मग एकामागून एक सर्व कागद खोटे निघाले. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात एका भारतीय विद्यार्थ्याची गुणपत्रके, प्राचार्यांचा पत्ता, इतकेच काय, हयात वडिलांचा मृत्यूचा दाखलाही बनावट असल्याचे उघड झाले, आणि ते त्याने स्वतःच समाजमाध्यमावर निनावीपणे मारलेल्या फुशारकीमुळे. त्याला अटक झाली आणि देशाबाहेर जावे लागले. तिसरी हकीगत उमेदवाराची नव्हे. एमआयटीच्या प्रवेश-विभागाच्या अधिष्ठात्री मॅरिली जोन्स यांना एप्रिल २००७ मध्ये राजीनामा द्यावा लागला, कारण नोकरीच्या आरंभी सांगितलेल्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्याच हे २८ वर्षांनी बाहेर आले. त्यांचे काम चांगले होते असे सर्वच म्हणत. त्याचा उपयोग झाला नाही.

आता थोडे कामाचे. उपक्रम चालू असतानाच एक साधी वही ठेवावी, तीत तारीख, काय केले आणि कोणाच्या देखरेखीखाली एवढेच लिहावे, आणि त्या व्यक्तीचा फोन व पत्ता दर वर्षी ताजा करावा. संस्था बंद पडली, गुरू परगावी गेले, तरी विचारण्याला माणूस राहतो. प्रमाणपत्रे मागितल्याशिवाय पाठवू नयेत, पण स्कॅन करून एका ठिकाणी ठेवावीत, आणि मराठीत असलेल्यांचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद आधीच करून घ्यावा. नावाकडे विशेष लक्ष द्यावे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पारपत्रावर ते वेगळ्या रकान्यात जाते, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव गळते आणि क्लासच्या पत्रकावर लाडाचे नाव लागते. तिकडे बसलेल्या माणसाला ही चार निरनिराळी मुले वाटू शकतात, आणि खऱ्या कर्तृत्वावर संशय येण्याचे हे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत वारंवार घडणारे कारण आहे. अर्जातील नाव पारपत्राप्रमाणे ठेवावे, आणि भेद असलेल्या कागदांसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचे एका ओळीचे पत्र जवळ असू द्यावे. ज्याचा कागदच नाही, अशा खऱ्या कामासाठीही हाच मार्ग आहे: ज्याने ते काम पाहिले त्याच्याकडून, त्याने काय पाहिले एवढेच लिहिलेले, तारखेचे पत्र.

आणि अर्ज पाठवून झाल्यावर एखादा आकडा किंवा एखादी पातळी चुकीची गेल्याचे ध्यानात आले तर कोणी विचारण्याची वाट पाहू नये. पाठविलेला अर्ज त्या महाविद्यालयापुरता बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेश-कचेरीला, किंवा त्यांनी दिलेल्या उमेदवार-पानावरून, पूर्ण नाव, अर्जक्रमांक, चुकलेली नोंद आणि दुरुस्त नोंद अशा चार ओळी पाठवाव्यात, कारणमीमांसेचा पाल्हाळ लावू नये, आणि शाळेच्या अहवालातही तीच चूक शिरली असेल तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सुधारित अहवाल पाठविण्याची विनंती करावी.